न उतरण्याची शिस्त : ट्रिस्टन द कुन्हा आणि गॉफ बेटांभोवतीचा पक्षिप्रवास

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेतील केप टाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर आणि सर्वांत जवळची मनुष्यवस्ती असलेल्या सेंट हेलेना बेटापासून सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावर ट्रिस्टन द कुन्हा हा ज्वालामुखीजन्य बेटांचा लहानसा समूह आहे. मुख्य बेटावर अडीचशेच्या आतबाहेर माणसे राहतात, विमानतळ नाही, आणि केप टाउनहून वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या जहाजांखेरीज बाहेरच्या जगाशी प्रत्यक्ष दळणवळणाचे साधन नाही. तेथून तीस-चाळीस किलोमीटरांच्या टप्प्यात नाइटिंगेल आणि इनअॅक्सेसिबल ही दोन निर्जन बेटे आहेत, तर आग्नेयेला सुमारे ४०० किलोमीटरांवर गॉफ हे चौथे बेट एकटेच उभे आहे. या चार बेटांवर मिळून कोट्यवधी समुद्रपक्षी घरटी करतात, आणि जगात अन्यत्र कोठेही नसलेल्या काही पक्षिजाती येथील गवतात, नेच्यांत आणि कड्यांवर टिकून आहेत. त्या पाहण्यासाठी दरवर्षी काही मोजकी जहाजे प्रशिक्षित मार्गदर्शकांसह येथे येतात. या प्रवासाचे वर्णन बहुधा दुर्मीळ पक्ष्यांच्या यादीच्या रूपाने केले जाते. परंतु तो समजून घ्यायचा तर त्याचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग पाहावा लागतो, तो म्हणजे माणसाला किनाऱ्यापासून दूर ठेवण्याची व्यवस्था, कारण हे पक्षी आज ज्या बेटांवर शिल्लक आहेत ती बेटे, तेथे जे पोहोचले नाही त्यामुळेच, तशी राहिली आहेत.

या सफरींचा काळ जहाजांच्या वार्षिक स्थलांतराने ठरतो. अंटार्क्टिकाचा उन्हाळा मार्चमध्ये संपला की तेथे पर्यटक नेणारी बर्फरोधक जहाजे उत्तर ध्रुवाकडच्या उन्हाळ्यासाठी निघतात, आणि अर्जेंटिनातील ऊशुआया बंदरापासून सुरू होणारा, साउथ जॉर्जिया, गॉफ, ट्रिस्टन, सेंट हेलेना आणि असेन्शन असा लांबलचक सागरी मार्ग त्यांतील काही जहाजे पक्षिनिरीक्षकांसाठी खुला करतात. मार्चअखेर ते एप्रिल हा काळ पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वोत्तम म्हणता येणार नाही. उत्तरी रॉकहॉपर पेंग्विन, म्हणजे लाल डोळ्यांवर पिवळ्या पिसांचे लांब झुबके असलेला आणि खडकांवरून उड्या मारत चढणारा पेंग्विन, तोवर पिसे बदलून बहुतांशी समुद्रात निघून गेलेला असतो. उलट पिवळ्या नाकाच्या अल्बाट्रॉसची पिले याच दिवसांत घरट्यातून पहिले उड्डाण करतात, आणि ग्रेट शिअरवॉटर या पक्ष्याची पिले बिळांत शेवटचे काही आठवडे काढत असतात. ज्याला बेटांवरचे संपूर्ण जीवन एका भेटीत पाहायचे असेल त्याची येथे निराशा ठरलेली आहे.

साउथ जॉर्जियापासून गॉफपर्यंतचे सुमारे २,५०० किलोमीटरांचे अंतर कापायला चार-पाच दिवस लागतात, आणि या दिवसांत जमीन दिसत नाही. मार्गदर्शकांचे खरे शिकवणे मात्र येथेच सुरू होते. अंटार्क्टिकाभोवतीचे थंड पाणी उत्तरेकडच्या तुलनेने उबदार पाण्याखाली जेथे बुडी घेते त्या पट्ट्याला अंटार्क्टिक अभिसरण असे म्हणतात. जहाज तो पट्टा ओलांडते तेव्हा पाण्याचे तापमान थोड्याच अंतरात काही अंशांनी चढते, पाण्यातील सूक्ष्म जीव बदलतात आणि त्यांच्यामागोमाग पक्षीही बदलतात. डेकवर पहाटेपासून उभा असलेला निरीक्षक नकाशा न पाहताही, प्रायन आणि पेट्रल या समुद्रपक्ष्यांच्या कोणत्या जाती कमी झाल्या व कोणत्या वाढल्या यावरून, जहाज कोणत्या पाण्यात आले हे सांगू शकतो. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या समुद्राचे असे प्रदेश असतात आणि पक्षी त्यांच्या सीमा काटेकोरपणे पाळतात, ही जाणीव या प्रवासातील सर्वांत मोलाची प्राप्ती मानावी लागेल.

अल्बाट्रॉसच्या उड्डाणाचे तंत्रही याच दिवसांत नीट समजते. समुद्राच्या पृष्ठभागालगत लाटांच्या घर्षणाने वारा मंदावलेला असतो आणि दहा-पंधरा मीटर उंचीवर तो पुष्कळ वेगवान असतो; अल्बाट्रॉस वाऱ्याला सामोरा होत चढतो, वर वळण घेऊन वाऱ्याच्या दिशेने खाली झेपावतो आणि दोन थरांतील वेगाच्या फरकातून गती मिळवत राहतो, त्यामुळे पंख न हलवता तासन्तास प्रवास करणे त्याला शक्य होते. पंख ताणलेले ठेवण्यासाठी स्नायूंवर भार पडू नये म्हणून खांद्याशी कुलपासारखी धरून ठेवणारी कंडरा असते. अल्बाट्रॉस आणि पेट्रल ज्यात मोडतात त्या गणातील पक्ष्यांच्या चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात, आणि वासाचे ज्ञान त्यांच्यात विलक्षण विकसित झालेले असते. सूक्ष्म सागरी वनस्पती चरल्या जात असताना बाहेर पडणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूच्या वासावरून त्यांतील काही पक्षी अन्नाची जागा शोधतात. रात्री मात्र हीच जहाजे या पक्ष्यांना धोकादायक ठरतात, कारण लहान पेट्रल दिव्यांकडे ओढले जाऊन डेकवर आदळतात, आणि म्हणून बेटांजवळ आल्यावर खिडक्यांचे पडदे लावून बाहेरचे अनावश्यक दिवे मालवण्याचा दंडक असतो.

ही बेटे जन्माला कशी आली हे सांगताना मराठी वाचकाला पायाखालच्या भूमीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पृथ्वीच्या प्रावरणातून दीर्घकाळ वर येत राहणाऱ्या तप्त द्रव्याच्या स्थानाला तप्तस्थल म्हणतात, आणि वरचे भूकवच सरकत राहिल्याने अशा एका स्थानावर कोट्यवधी वर्षांत ज्वालामुखींची एक रांग तयार होते. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्तस्थलाच्या लाव्ह्याने घडले, त्याची आजची जागा हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली मानली जाते. त्याचप्रमाणे ब्राझीलमधील पाराना आणि नामिबियातील एटेंडेका हे लाव्ह्याचे विस्तीर्ण थर सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी ट्रिस्टनच्या तप्तस्थलाशी निगडित उद्रेकांतून पसरले, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून ट्रिस्टनच्या दिशेने समुद्रतळावर पसरलेली वॉल्व्हिस पर्वतरांग ही त्याची खूण आहे. ट्रिस्टन हे या समूहातील सर्वांत तरुण बेट असून त्यावरील क्वीन मेरीज पीक हे शिखर समुद्रसपाटीपासून २,०६० मीटर उंच आहे. नाइटिंगेल त्याहून पुष्कळ जुने आहे आणि म्हणूनच झिजून चार चौरस किलोमीटरांहूनही लहान उरले आहे. १९६१च्या ऑक्टोबरमध्ये ट्रिस्टनच्या वस्तीशेजारीच उद्रेक झाला आणि सर्व रहिवाशांना इंग्लंडला हलवावे लागले. तेथील सुखसोयी पाहून ते परतणार नाहीत असा अनेकांचा होरा होता. परंतु मतदानात १४८ विरुद्ध ५ अशा कौलाने त्यांनी परतण्याचे ठरवले आणि १९६३ मध्ये बहुतेक जण परतले.

गॉफ बेटावर पर्यटकांना उतरण्याची परवानगी नाही. १९५६ पासून दक्षिण आफ्रिकेचे हवामान केंद्र तेथे चालते आणि त्या केंद्राचे कर्मचारी व परवानाधारक संशोधक यांच्याखेरीज कोणीही किनाऱ्यावर पाऊल ठेवत नाही. जहाजातून आलेल्यांना समुद्र शांत असेल तर झोडियाक या रबरी होड्यांमधून कड्यांच्या पायथ्याशी फिरवले जाते, आणि त्या तास-दोन तासांत धबधबे, खडकांवर पसरलेले उपअंटार्क्टिक फर सील, वर घिरट्या घालणारे काळपट अल्बाट्रॉस, आणि नशिबाने साथ दिली तर किनाऱ्यालगतच्या टसॉक गवतात, म्हणजे माणसाच्या उंचीपर्यंत वाढणाऱ्या झुबकेदार गवतात, वावरणारा गॉफ भारीट एवढे पाहता येते. हजारो किलोमीटर येऊन बेटावर न उतरता परतायचे, हे अनेकांना प्रथम अन्यायाचे वाटते. गॉफवर उंदरांनी काय केले हे कळल्यावर मात्र ती भावना टिकू नये.

एकोणिसाव्या शतकात सीलची कातडी मिळवण्यासाठी आलेल्या जहाजांतून घरगुती उंदीर गॉफवर पोहोचला. तेथे त्याला शत्रू नव्हता आणि हिवाळ्यात वनस्पतिजन्य अन्न अपुरे होते. पिढ्यान्‌पिढ्या तो आकाराने वाढला आणि पक्ष्यांची पिले खाऊ लागला. ट्रिस्टन अल्बाट्रॉस हा सुमारे तीन मीटर पंखविस्ताराचा पक्षी जवळजवळ केवळ गॉफवरच प्रजनन करतो, एका खेपेला एकच अंडे घालतो आणि पिलू वाढवण्यास जवळजवळ वर्ष लागत असल्याने यशस्वी जोडी दोन वर्षांतून एकदाच प्रजनन करते. पिलू संपूर्ण दक्षिणी हिवाळा उघड्या घरट्यावर एकटे बसून काढते. रात्री उंदीर येऊन त्याला जिवंतपणी कुरतडतात आणि वजनाने शेकडो पट मोठे असूनही ते जागचे हलत नाही, कारण ज्या बेटावर सस्तन भक्षक कधीच नव्हता तेथे अशा शत्रूपासून बचाव करण्याची प्रवृत्ती घडण्याचे कारणच नव्हते. या शतकाच्या आरंभी संशोधकांनी हा प्रकार नोंदवला, पुढे कॅमेऱ्यांनी तो चित्रित केला, आणि नंतर पूर्ण वाढलेल्या अल्बाट्रॉसवरही हल्ले झाल्याचे दिसून आले. उंदरांमुळे गॉफवर दरवर्षी सुमारे वीस लाख अंडी व पिले नष्ट होतात, असा अंदाज केला गेला आहे. खोल समुद्रात हजारो गळ लावलेल्या लांब दोऱ्यांनी केल्या जाणाऱ्या मासेमारीत आमिषाला झडप घालणारे प्रौढ पक्षी बुडून मरतात, ही दुसरी हानी. या दोहोंमुळे ही जाती नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे.

२०२१ च्या हिवाळ्यात ब्रिटनची पक्षिसंरक्षण संस्था आरएसपीबी, ट्रिस्टनचे शासन आणि त्यांचे सहकारी यांनी हेलिकॉप्टरमधून संपूर्ण बेटावर विषारी आमिष टाकले. बेटावरील पाणकोंबड्या आणि भारीट यांना ते खाऊन मरण येऊ नये म्हणून त्यांतील काही पक्षी आधी पकडून पिंजऱ्यांत सांभाळण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॅमेऱ्याला एक उंदीर दिसला, आणि एवढ्या परिश्रमांनंतरही प्रयत्न अपुरा राहिल्याचे स्पष्ट झाले. उंदरांची संख्या काही काळ अत्यंत घटल्याने पिलांना तेवढ्यापुरता दिलासा मिळाला. पण उंदराच्या बाबतीत नव्याण्णव टक्के यशाला अर्थ नसतो.

होडीत बसण्यापूर्वीच्या तपासणीकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. बुटांच्या तळव्यांतील खाचा टोकदार काडीने कोरून काढणे, खिशांच्या शिवणी आणि पिशव्यांचे कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने साफ करणे, वेल्क्रोच्या पट्टीत अडकलेले गवताचे कुसळ चिमट्याने ओढून काढणे आणि शेवटी जंतुनाशकाच्या टबात पाय बुडवणे, हे सोपस्कार प्रत्येक वेळी उतरण्याआधी आणि नंतर पुन्हा होतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये साउथ जॉर्जियाच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळल्यापासून या दक्षतेला आणखी धार आली आहे, कारण ट्रिस्टनकडे येणारी ही जहाजे बहुधा त्याच बेटांना भेट देऊन आलेली असतात. मार्गदर्शक या कामात कठोर असतात आणि तसेच असावेत. एक बी, एक कोळी किंवा गर्भार उंदरीण यांपैकी काहीही परत नेता येत नाही.

ट्रिस्टनच्या मुख्य बेटाने याची किंमत मोजलेली आहे. १८८२ मध्ये फुटलेल्या एका जहाजातून काळे उंदीर किनाऱ्यावर आले. आधीपासूनची मांजरे, डुकरे आणि शिकार यांच्या जोडीला तेही आले, आणि बेटावरील मूळची पाणकोंबडी नामशेष झाली; भारीटही आज त्या बेटावर उरलेला नाही. आज मुख्य बेटावर दिसणारी पाणकोंबडी गॉफची असून ती १९५६ मध्ये तेथून आणून सोडलेल्या पक्ष्यांची संतती आहे. ज्या प्रवाशाला एखाद्या जातीच्या नाशाचा इतिहास आणि तिच्या जवळच्या नातलगाचे जिवंत रूप एकाच ठिकाणी पाहायचे असेल, त्याला याहून बोलका प्रदेश सापडणे अवघड आहे.

बेटांना नाव देणारा पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिश्तांव द कुन्या १५०६ मध्ये भारताकडे निघालेल्या तांड्याचा प्रमुख होता आणि त्याच तांड्यात पुढे गोवा जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क होता. त्रिश्तांवचा मुलगा नूनो द कुन्या हा पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत १५३० मध्ये राजधानी कोचीहून गोव्याला आली. भारताच्या वाटेवर दिसलेल्या या बेटावर त्रिश्तांव स्वतः उतरू शकला नाही, कारण समुद्र खवळलेला होता. आजही अनेक जहाजांची हीच गत होते. कायमची वस्ती झाली ती १८१६ च्या ब्रिटिश सैन्यतुकडीनंतर, जेव्हा तुकडी परत गेली तरी विल्यम ग्लास हा कॉर्पोरल कुटुंबासह मागे राहिला. किनाऱ्यालगतची बटाट्याची शेते, गुरेमेंढरे आणि ट्रिस्टन रॉक लॉब्स्टर या खडकाळ समुद्रातील मोठ्या शेवंड्यांची निर्यात यांवर आजचे जीवन चालते. सफरींतून येणारा पैसा त्या मानाने लहान आहे. उतरण्याची परवानगी द्यायची की नाही हे बेटाचे शासन ठरवते आणि निर्जन बेटांवर उतरताना ट्रिस्टनचे स्थानिक मार्गदर्शक सोबत असणे बंधनकारक असते.

या स्थानिक मार्गदर्शकांचे ज्ञान जहाजावरील तज्ज्ञांच्या ज्ञानापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. त्यांच्या आधीच्या पिढ्या लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या लांब होड्यांतून नाइटिंगेलला जात, पेंग्विनची अंडी आणि शिअरवॉटरची चरबीदार पिले आणत, आणि नाइटिंगेलवरची ही परंपरा मर्यादित स्वरूपात अजूनही चालू आहे. बाहेरून आलेल्या निरीक्षकाला हे खटकण्याची शक्यता असते. परंतु पक्ष्यांवर जगलेल्या समाजानेच आपल्या समुद्राच्या सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर क्षेत्राला, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या भागाला, २०२० मध्ये संरक्षित घोषित केले ही वस्तुस्थिती त्या खटकण्यासोबत ध्यानात ठेवली पाहिजे. कोणत्या खडकावरून लाट किती वर येते, कोणत्या पायवाटेखाली बिळे पोखरलेली आहेत आणि कोठे पाऊल टाकले तर जमीन खचून आतले पिलू चिरडेल, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक असते.

नाइटिंगेलवर ग्रेट शिअरवॉटर लाखोंच्या संख्येने बिळांत राहतात, त्यामुळे तेथील जमीन चाळणीसारखी पोकळ झालेली आहे आणि ठरलेल्या वाटेवरून एका ओळीत चालण्याला पर्याय नाही. याच बेटावर भारीटांच्या दोन जाती आहेत. एकाची चोच लहान असून तो गवताचे बी आणि कीटक खातो, तर विल्किन्स भारीट या दुसऱ्याची चोच जाड असते आणि तो फायलिका या एकमेव मोठ्या झाडाची टणक फळे फोडतो. इनअॅक्सेसिबलवरही लहान आणि मोठ्या चोचीचे भारीट आहेत. मोठ्या चोचीचे पक्षी दोन्ही बेटांवर एकाच पूर्वजापासून आले असावेत असे वाटणे साहजिक होते. परंतु केप टाउन विद्यापीठाचे पीटर रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की दोन्ही बेटांवर ही विभागणी स्वतंत्रपणे घडली. गॅलापागोसच्या प्रसिद्ध फिंचांप्रमाणे हे पक्षीही दक्षिण अमेरिकेतील टॅनेजर कुळाचे वंशज आहेत, आणि उत्क्रांतीने तेच उत्तर दोनदा काढल्याचे इतके लहान, इतके स्वच्छ उदाहरण सहसा पाहायला मिळत नाही. विल्किन्स भारीटाच्या मात्र फार थोड्या जोड्या उरल्या आहेत.

१६ मार्च २०११ च्या पहाटे याच नाइटिंगेल बेटावर ओलिव्हा हे मालवाहू जहाज आदळले. ब्राझीलमधून सिंगापूरकडे सुमारे ६५,००० टन सोयाबीन घेऊन निघालेल्या या जहाजाच्या टाक्यांत सुमारे दीड हजार टन इंधन होते. जहाजावरील सर्व २२ जण वाचले, आणि त्या सुटकेत जवळच असलेल्या एका पर्यटक जहाजाच्या रबरी होड्यांचाही हातभार लागला; पण तेल बेटाभोवती पसरले आणि हजारो रॉकहॉपर पेंग्विन त्यात माखले. ट्रिस्टनच्या लोकांनी सुमारे ३,७०० पेंग्विन गोळा करून मुख्य बेटावर आणले, धुतले, खायला घातले, गावाच्या पोहण्याच्या तलावात ठेवले, आणि तरीही त्यांतील जेमतेम एक दशांश जगले. त्याहून मोठी भीती उंदरांची होती. जहाजातून एखादा जरी उंदीर पोहत किनाऱ्यावर गेला असता तर नाइटिंगेलचे गॉफ व्हायला काही वर्षेच लागली असती, म्हणून तातडीने सापळे आणि विषाची आमिषे लावण्यात आली. सुदैवाने उंदीर आढळला नाही. ज्यांना वाटते की एक पर्यटक जहाज येऊन जाण्याने काय बिघडते, त्यांनी हे विसरू नये की ओलिव्हाला तर येथे थांबायचेही नव्हते.

इनअॅक्सेसिबल बेट चोहीकडून शेकडो मीटर उंच कड्यांनी वेढलेले आहे. १८७१ ते १८७३ या काळात श्टोल्टेनहॉफ नावाचे दोन जर्मन भाऊ सीलच्या शिकारीतून पैसा मिळवण्याच्या आशेने येथे राहिले, उपासमारीने बेजार झाले आणि चॅलेंजर या संशोधन जहाजाने त्यांची सुटका केली. त्यांनी शास्त्रज्ञांना उडता न येणाऱ्या एका छोट्या पक्ष्याविषयी सांगितले, पण चॅलेंजरला त्याचा नमुना मिळाला नाही. शास्त्रात त्याची नोंद झाली ती १९२३ मध्ये, पर्सी लो यांच्या लेखणीतून. इनअॅक्सेसिबल फटाकडी या नावाने ओळखता येईल असा हा पक्षी वजनाने सुमारे ४० ग्रॅम, गडद राखी-तपकिरी आणि लाल डोळ्यांचा असून, उडता न येणारा जगातील सर्वांत लहान पक्षी आहे. टसॉकच्या झुबक्यांखाली तो उंदरासारखा सुळसुळत धावतो, आणि बेटावर सस्तन भक्षक नसल्यामुळे ती जागा त्याला मोकळी मिळाली. त्याचे पूर्वज समुद्र ओलांडण्याइतके उडू शकत होते: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा सर्वांत जवळचा नातलग दक्षिण अमेरिकेत आहे आणि पूर्वज येथे आले त्याला सुमारे १५ लाख वर्षे झाली. चष्मेधारी पेट्रल हा डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेला काळा समुद्रपक्षीही केवळ याच बेटावर घरटी करतो. एकेकाळी येथे सोडलेली डुकरे नाहीशी झाल्यानंतर त्याची संख्या वाढत गेली.

फटाकडी पाहण्यासाठी इनअॅक्सेसिबलच्या गोटेरी किनाऱ्यावर उतरावे लागते, आणि लाटा थोड्या जरी वाढल्या तरी होड्या परत फिरवल्या जातात. जहाज एक-दोन दिवस थांबून पाहते, मग वेळापत्रकाच्या रेट्याने उत्तरेकडे निघते. आयुष्यभराची बचत खर्चून आलेल्या निरीक्षकाच्या दृष्टीने हा मोठा चटका असतो, आणि त्याला हलके लेखण्याचे कारण नाही. परंतु उतरता आले नाही म्हणून प्रवास व्यर्थ गेला, असे म्हणणेही खरे नव्हे. या मार्गावर मोजक्याच जहाजांतून सलग पक्षिगणना होते. मार्गदर्शक आणि प्रवासी डेकवरून जाती, संख्या, वेळ आणि अक्षांश-रेखांश टिपतात, आणि एरवी नोंदीविना राहिलेल्या पाण्यात चष्मेधारी पेट्रल किंवा ट्रिस्टन अल्बाट्रॉस कोठवर दिसले याची माहिती त्यातून हाती लागते. गळांची मासेमारी कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या पट्ट्यात या पक्ष्यांच्या वाटेत येते हे ठरवायचे तर उपग्रहाने मागोवा घेतलेल्या थोड्या पक्ष्यांच्या जोडीला अशा नोंदी हव्या असतात, आणि त्या करण्यासाठी बेटावर उतरावे लागत नाही.